कपाटातले कप

फेरो बेटांच्या दक्षिण टोकाला वाऱ्याला दिशा नसते.
डोंगर त्याला फाडतात, खाडी घाईघाईने टाके घालते,
आणि तो उसवलेलाच हर्गैरच्या अंगणात येतो.
एकाच दोरीवर चादर उत्तरेला फडफडते,
उशीची खोळ दक्षिणेला.

पहिली पवनचक्की विकतची, मानेवर फिरणारी.
तिचा दिवस वाऱ्याचं तोंड शोधण्यातच जायचा.
वारा इकडे, म्हणून ती इकडे,
ती इकडे येईतो तो खालून.
वारा येईल तशी पाठ द्यावी, म्हणतात.
दोन्हीकडून एकदम आला तर काय द्यावं,
ते म्हणीत नाही.
तिसऱ्या हिवाळ्यात तिची मान मोडली.
हर्गैर वर चढला नाही.
चाळीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनखाली वाकलेले गुडघे
अठरा मीटरला तयार नव्हते.

मग मार्जुन आली, भावाची मुलगी,
मासळी कंपनीच्या बिलामागे तिने एक रेघ ओढली.
आडवी नाही. उभी.
हा आस, म्हणाली.
याला तोंड नाही, पाठ नाही,
वारा कुठून आला ते हा विचारतच नाही.
जनित्र खाली, जमिनीवर,
काका, तुम्हाला स्टुलावर बसून पाना लावता येईल असं.

पाती तीन, पीळ दिलेली,
कारण सरळ पात्याला वारा एकदम धडकतो,
पिळाचं पातं त्याला घोटाघोटाने पितं.
आणि फेरीत दोन जागा अशा येतात, ती म्हणाली,
जिथे पातं काहीच कमवत नाही,
तेवढं अंतर त्याला बाकीची दोघं ओढून नेतात.
हर्गैर बिल उलटं करून
मासळीचा भाव बघत राहिला.
मग म्हणाला, बोटीवर असंच असायचं.

एक खोट होती. हे यंत्र झोपाळू.
फिरायला लागलं की फिरतं,
पण उठवावं लागतं.
तेव्हा मासळीच्या तेलाचा ड्रम उभा चिरला,
दोन अर्धुकं मधोमध बसवली, एकमेकांकडून जराशी सरकवून.
एक ओंजळ वारा भरून घेते,
दुसरीच्या पाठीवरून तो घसरतो.
वाऱ्याची मोट बांधता येत नाही हे खरंच,
पण ड्रमात तो घटकाभर टेकतो,
तेवढ्यात पाती जागी होतात.
आठवडाभर अंगणाला तेलाचा वास, आणि गावातली सगळी मांजरं.

नोव्हेंबरात रान्वाच्या कपाटातले कप वाजू लागले.
सगळे नाहीत. निळे.
वारा कमी असला की गप्प, फार झाला की गप्प,
मधल्याच एका वेगाला किणकिण,
जसं कुणी आत बसून चहाची वाट बघतंय.
हर्गैर म्हणाला, कागद घाल मध्ये.
तिने कागद घातला नाही. कॅलेंडरवर लिहिलं:
चौदा तारीख, आग्नेय, निळे कप, जेवणानंतर.
फेब्रुवारीपर्यंत बावीस नोंदी.

मार्जुनच्या संगणकाने सांगितलं होतं,
खांब एकशे सत्तर फेऱ्यांना थरथरेल,
त्याच्या खाली चिंता नाही.
तिने कॅलेंडर भिंतीवरून काढलं,
जनित्राच्या आकड्यांशेजारी ठेवलं,
बोट फिरवत गेली.
बावीसच्या बावीस वेळा एकशे बेचाळीस.
पायाखालचा खडक कागदावरच्याइतका पक्का नव्हता,
कपांना ते आधी कळलं.
ताण-तारा आवळल्या. चौथी घातली.
एकशे बेचाळीसपाशी आता यंत्र रेंगाळत नाही,
ओळखीचं घर टाळावं तसं झपकन पुढे जातं.

फार काही मिळतं असं नाही.
दिवे, रेडिओ, मेंढीच्या मांसाचा फ्रीझर.
पाणी तापवायला अजून तेलच लागतं.
खाडीपलीकडच्या कंपनीच्या उंच चक्क्या
एका फुंकरीत याचं वर्ष कमवतात.
आणि ड्रम असूनही हर्गैर रोज सकाळी
कुंपणाचं दार लावायला म्हणून बाहेर जातो,
पात्याला हाताने एक ढकल देतो.
मार्जुनला सांगायचं नाही, असं ठरलंय.

काल रात्री सोसाटा होता.
कपाट गप्प.
रान्वाला झोप येईना.
उठली, दार उघडलं,
आणि निळे कप एकमेकांच्या आणखी जवळ सरकवले,
कानाला कान लागेल इतके.